एकाच नटावर अकरा वर्षं: गप्पांची आमची रीत

पहिलं सांगणं, नट एकच घ्या. ‘ब्रिटनचे जुने नट’ असा ऐसपैस विषय घेऊन बसलात तर एका संध्याकाळी जुडी डेंच, मॅगी स्मिथ, अँथनी हॉपकिन्स सगळे येऊन जातात आणि घरी परतताना हाताला काही लागलेलं नसतं. आम्ही सहा जण २०१४ पासून महिन्यातून एकदा लंडनमध्ये भेटतो आणि फक्त इयन मॅकेलन या ब्रिटिश नटावर बोलतो. मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. गटात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक नर्स आहे, एक जण बस चालवतो आणि दोघी बहिणी हिशेबाची कामं करतात. नाटकाचं रीतसर शिक्षण कुणाचंच झालेलं नाही. तरी विषय संपत नाही. तो का संपत नाही हे सांगितलं तर तुम्हालाही तुमच्या आवडत्या नटाबद्दल असं बसता येईल, म्हणून लिहिते आहे.

मनापासून आवडणाऱ्या नटाला मराठीत आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून इथे तो ‘तो’च आहे. ‘सर’ ही पदवी आणि ऐंशी उलटलेलं वय, दोन्हींबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही.

वही

बोलण्याआधी वही करा. आमची वही आडव्या लांब पानांची आहे. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेत: साल, रंगमंच, पडदा, आणि चौथा ‘स्वतः म्हणाला’. चौथ्या रकान्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे.

आधी पहिले तीन भरा आणि भरताना सिनेमापासून सुरुवात करू नका. त्या पिढीचा ब्रिटिश नट नुसत्या सिनेमातून कळतच नाही. जगातल्या बहुतेकांना मॅकेलन माहीत झाला तो २००० सालच्या ‘एक्स-मेन’मुळे आणि २००१ पासूनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमांतल्या गँडाल्फ या जादूगारामुळे. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. व्यावसायिक रंगभूमीवर मात्र तो १९६१ पासून उभा होता. मधली एकोणचाळीस वर्षं ओळीने लिहून काढा, मग त्या म्हाताऱ्या जादूगाराच्या आवाजाला एवढं वजन कुठून आलं ते वेगळं समजवावं लागत नाही.

आमचं पहिलं पान असं आहे. जन्म २५ मे १९३९, बर्नली, लँकशायर. बालपण विगनला, नंतर बोल्टनला. बारा वर्षांचा असताना आई गेली. केंब्रिजला सेंट कॅथरिन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य, आणि त्याच्या जोडीला नाटकंच नाटकं. डेरेक जॅकोबी हा नट आणि पुढे मोठा दिग्दर्शक झालेला ट्रेव्हर नन हे केंब्रिजचेच सोबती. १९६१ मध्ये पदवी, आणि त्याच वर्षी कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरात पहिली नोकरी.

‘नोकरी’ हा शब्द मुद्दाम वापरला. तिथे रेपर्टरीची पद्धत होती, म्हणजे पगारी, बांधलेली नटमंडळी. संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाच्या तालमी, आणि दोन-तीन आठवड्यांत नाटक बदललेलं. जी भूमिका वाट्याला येईल ती करायची, आवडनिवड सांगायची सोय नाही. बेलग्रेड हे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शहराच्या पैशातून उभं राहिलेलं पहिलं नाट्यगृह, १९५८ सालचं. बॉम्बहल्ल्यात जळालेल्या कोव्हेंट्रीला बेलग्रेड शहराने लाकूड भेट दिलं, त्यावरून हे नाव पडलं. असल्या गोष्टी वहीत लिहाव्यात. नट कुठल्या भिंतींत घडला हे कळलं की त्याच्याबद्दल बोलताना शब्द जपून येतात.

माहिती आणायची कुठून? मॅकेलनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भूमिकांची यादी आणि त्याने लिहिलेल्या टिपा आहेत, तिथून ढोबळ आराखडा मिळतो. पुढचं घराबाहेर पडून मिळवावं लागतं. नॅशनल गॅलरीच्या मागे वेस्टमिन्स्टर रेफरन्स लायब्ररी आहे, तिथे रंगभूमीचा संग्रह फार चांगला आहे. नॅशनल थिएटरच्या जुन्या प्रयोगांची चित्रणं वॉटर्लूजवळच्या त्यांच्या संग्रहात आधी वेळ ठरवून बघता येतात. रॉयल शेक्सपिअर कंपनीची कागदपत्रं स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टकडे आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९९२ पासून रंगमंचावरचे प्रयोग चित्रित करून ठेवले आहेत. आणि जुन्या वर्तमानपत्रांची परीक्षणं वाचायला तुमच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड बहुतेक वेळा पुरतं. काउंटरवर विचारा, संकोच करू नका. तिथल्या लोकांना असं काही शोधणारं माणूस आलेलं आवडतं.

नाट्यगृहाचं नाव कधीही गाळू नका. आमच्या नर्स मैत्रिणीने एकदा वही मागून पुढे चाळली आणि म्हणाली, ‘हे बघा.’ १९६४ च्या ओळीत होतं ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर, सेंट मार्टिन्स लेन. लंडनमधलं त्याचं पहिलं काम. २०१८ च्या ओळीत पुन्हा ड्यूक ऑफ यॉर्क्स, ‘किंग लिअर’, शेक्सपिअरचं म्हाताऱ्या राजाचं नाटक. मध्ये चोपन्न वर्षं. त्या महिन्याची बैठक आम्ही खुर्च्यांवर बसून केलीच नाही. पाऊस होता. छत्र्या घेऊन त्या रस्त्यावरून दोनदा चाललो आणि नाट्यगृहाच्या दारासमोर उभं राहून बसवाल्या मित्राने १९६४ ते २०१८ सगळी रंगमंचाची ओळ मोठ्याने वाचली. वाचायला बराच वेळ लागला. मला त्या दिवशी कारकीर्द या शब्दाचा अर्थ कळला.

मग आम्ही ते नाटक बघायलाही गेलो. लिअरसाठी त्याला छोटी जागा हवी होती. आधी २०१७ मध्ये चिचेस्टरच्या मिनर्व्हा या लहान नाट्यगृहात ते झालं आणि लंडनला आणताना ड्यूक ऑफ यॉर्क्समधल्या काही खुर्च्या काढून प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे जाणारी वाट केली होती. माझी खुर्ची त्या वाटेपासून तिसरी. याआधी २००७ मध्येही तो लिअर झाला होता, रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी, ट्रेव्हर ननच्या दिग्दर्शनात, आणि त्याचं टीव्हीसाठी चित्रणही झालं. एकच भूमिका, अकरा वर्षांच्या अंतराने. तुमच्या नटाच्या बाबतीत अशी जोडी सापडली तर ती पहिली उचला. नटाचं वय आणि भूमिकेचं वय एकमेकांजवळ सरकताना दिसतं, असं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एक तुकडा, तीनदा

बैठकीत अख्खं नाटक लावू नका, लोक थकतात आणि शेवटी ‘छान होतं’ एवढंच म्हणून उठतात. पाच मिनिटांचा तुकडा घ्या आणि तो तीनदा बघा.

आम्ही ‘मॅकबेथ’ घेतलं. १९७६ मध्ये स्ट्रॅटफर्डला द अदर प्लेस नावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेव्हर ननने ते बसवलं. मॅकबेथ तो, लेडी मॅकबेथ जुडी डेंच. नेपथ्य जवळजवळ नाहीच. जमिनीवर एक वर्तुळ, कडेने खोके, आणि ज्यांचं काम नाही ते नट तिथेच बसून बघतायत. मध्यंतरही नव्हतं. थेम्स टेलिव्हिजनने ते चित्रित करून १९७९ मध्ये दाखवलं, त्यामुळे आज आपल्याला बघता येतं.

तुकडा घेतला बायको मेल्याची बातमी आल्यानंतरच्या स्वगताचा. पहिल्यांदा पडदा झाकून फक्त ऐका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त बघा. तिसऱ्यांदा संहिता हातात धरून, पेन्सिल घेऊन. ऐकताना ‘उद्या’ हा शब्द तीनदा येतो आणि तीनही वेळा वेगळा पडतो. संहितेत पेन्सिल फिरवली की शिडी दिसते: उद्या, मग दिवस, मग काळाचं शेवटचं अक्षर, मग कालचे सगळे दिवस. त्या कालच्या दिवसांनी वाट उजळली म्हणून पुढे मेणबत्ती, मेणबत्तीमुळे सावली, सावलीवरून रंगमंचावर तासभर मिरवून जाणारा नट, आणि नटावरून एका वेड्याने सांगितलेली गोष्ट. एका शब्दातून दुसरा निघतो. शेवटची ओळ अर्धीच आहे. छंदाचे उरलेले ठोके कवीने मोकळे सोडलेत आणि नटाने ते गप्प राहून भरायचे आहेत. हे सगळं मॅकेलनने त्या काळात कॅमेऱ्यासमोर स्वतः उलगडून दाखवलं आहे, आणि ‘अॅक्टिंग शेक्सपिअर’ या त्याच्या एकपात्री प्रयोगातही हे स्वगत होतं. आधी स्वतः शोधा, मग त्याचं ऐका. उलटं केलंत तर त्याचंच बोलणं तुम्ही परत बोलाल.

आवाज बंद करून बघण्याचा फायदा सगळ्यांत मोठा, असं माझं मत झालंय. तेव्हाच कळतं की बेअरिंग म्हणजे काय. तोंड हलत नसताना तो काय करतो तिकडे लक्ष जातं.

चौथा रकाना

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमच्या तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मी एका साप्ताहिकात वाचलेली त्याच्या नात्याबद्दलची गोष्ट सांगितली. कुणीतरी ‘जवळच्या माणसाने’ सांगितलेली, अशी. मी ती छान रंगवून सांगितली. बहिणी ऐकत होत्या. आमचे निवृत्त शिक्षक उठले, कोट घातला, ‘मला निघायला हवं’ म्हणाले आणि गेले. पुढच्या महिन्यात आलेच नाहीत.

मी त्यांना भेटायला गेले. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले आणि मग बोलले. १९८८ मध्ये ते शाळेत शिकवत होते. त्या वर्षी ‘सेक्शन २८’ नावाचं कलम आलं, की स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला प्रोत्साहन देता कामा नये. शाळेत नेमकं काय बोललेलं चालेल हे कुणालाच कळेना, म्हणून सगळे गप्प झाले. तेही गप्प झाले. आपण कोण आहोत हे त्यांनी शाळेत कधीच सांगितलं नाही, निवृत्त होईपर्यंत. आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत, कलमावर अजून वाद चालू असताना, बीबीसी रेडिओ ३ वरच्या चर्चेत मॅकेलन म्हणाला की मी स्वतः समलैंगिक आहे. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

‘त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं,’ शिक्षक म्हणाले, ‘म्हणून मला त्याचा आधार वाटला. तू जे त्या दिवशी सांगितलंस ते दुसऱ्याने त्याच्या नावावर लावलेलं होतं. आम्हाला आयुष्यभर भीती होती ती याचीच.’

मी त्यांची माफी मागितली. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा मागितली आणि तेव्हा वहीत चौथा रकाना आखला. त्याआधी तीनच होते.

त्याचा नियम असा. खासगी आयुष्यातली जी गोष्ट नटाने स्वतः जाहीरपणे सांगितली तीच लिहायची, आणि शेजारी साल व कुठे सांगितली हे लिहायचं. हे दोन लिहिता आले नाहीत तर गोष्ट वहीत येत नाही, आणि वहीत नाही ती बैठकीत येत नाही. कुणी चुकून काढलीच तर आम्ही रागावत नाही. कुणीतरी विचारतं, ‘कुठल्या सालात म्हणाला?’ आणि विषय तिथेच थांबतो. नटाबरोबर राहिलेली, पण लोकांसमोर कधी न आलेली माणसं आम्ही नावानिशी घेत नाही. प्रसिद्धी नटाने पत्करलेली असते, त्यांनी नाही.

तुम्हाला वाटेल, मग बोलायला उरतं काय? भरपूर उरतं. आमचा चौथा रकाना आज सगळ्यांत लांब आहे. लँकशायरचे उच्चार केंब्रिजला गेल्यावर झाकले, हे त्यात आहे. जॅकोबीवर तरुणपणी मन बसलं होतं पण कधी बोललो नाही, हेही त्याने सांगितलंय. पुढे २०१३ मध्ये ‘व्हिशस’ या मालिकेत दोघं म्हातारं जोडपं म्हणून आले, तेव्हा ती नोंद वाचून आमच्या बहिणींपैकी धाकटी रडली. सावत्र आईला सांगायला गेलो, ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, तिला जराही धक्का बसला नाही, उलट आता खोटं बोलावं लागणार नाही म्हणून तिला बरं वाटलं, हेही तो बोललाय. प्रॉस्टेट कॅन्सरबद्दल २०१२ मध्ये त्याने स्वतः सांगितलं. ते आम्ही लिहिलं आणि त्यापुढे अंदाज बांधायचे नाहीत असं ठरवलं. गटातली नर्स यावर सगळ्यांत ठाम आहे. तिला सगळ्यांत जास्त कळतं आणि तरीही ती एक शब्द बोलत नाही.

आधी कायदा वाचा

खासगी आयुष्यावर बोलताना त्या काळचा कायदा आणि रीत समोर नसेल तर आपण आजच्या मापाने जुन्या माणसाला मोजतो. ‘इतकी वर्षं का लपवलं?’ हा प्रश्न आमच्याकडेही आला होता. शिक्षकांनी त्या वेळी फळ्यावर लिहावं तसं एका कागदावर पाच ओळी लिहिल्या:

१९६७: इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस पूर्ण झालेल्या दोन पुरुषांमधले खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत.
१९६८: नाटकांवरची लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याची सेन्सॉरशिप संपली.
१९६९: एडिंबराच्या महोत्सवात मॅकेलनने ‘रिचर्ड दुसरा’ आणि ‘एडवर्ड दुसरा’ दोन्ही राजे केले.
१९८०: स्कॉटलंडसाठी १९६७ सारखा कायदा झाला.
१९८८: सेक्शन २८.

मग म्हणाले, आता बघा. मॅकेलन अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत त्याचं प्रेम हा तुरुंगात नेणारा गुन्हा होता. आणि १९६९ मध्ये तो ‘एडवर्ड दुसरा’मध्ये पुरुषाचं चुंबन घेणारा राजा झाला ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये, जिथे असं प्रेम अजूनही गुन्हाच होतं. एका नगरसेवकाने त्यावर तक्रारही केली. नाटक बंद पडलं नाही, उलट पुढच्या वर्षी बीबीसीने दाखवलं. म्हणजे स्वतःबद्दल बोलण्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी तो रंगमंचावर ते करत होता. पाच ओळींनंतर ‘का लपवलं’ हा प्रश्न आमच्यात कुणी परत विचारला नाही.

चौथा रकाना दुसऱ्या, म्हणजे रंगमंचाच्या रकान्याला जोडायचा, हेच आमच्या पद्धतीचं मर्म. सगळ्यांत चांगलं उदाहरण ‘बेंट’ या नाटकाचं. नाझी छळछावणीतल्या समलैंगिक कैद्यांचं नाटक. १९७९ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरात मॅकेलनने त्यात मॅक्स केला, लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, पण तो स्वतः तेव्हा जगासमोर गप्प होता. १९९० मध्ये नॅशनल थिएटरात त्याने तीच भूमिका परत केली. आता रेडिओवर बोलून झालं होतं, १९८९ मध्ये इतरांबरोबर ‘स्टोनवॉल’ ही समान हक्कांसाठी लढणारी संस्था उभी केली होती, आणि दिग्दर्शक होता शॉन मथायस, जो त्याचा अनेक वर्षांचा जोडीदार होता. नातं संपलं तरी एकत्र काम चालूच राहिलं: २००९ मध्ये पॅट्रिक स्टुअर्टबरोबरचं ‘वेटिंग फॉर गोदो’, २०२१ मध्ये विंडसरला ब्याऐंशीव्या वर्षी केलेला हॅम्लेट. दोन्ही मथायसचीच. या नात्यावर आम्ही एक अख्खी बैठक घेतली आणि त्यात कुचाळकीचा एक शब्द आला नाही, कारण बोलायला ही नाटकं समोर होती.

मॅकेलनने बऱ्याचदा सांगितलंय की १९८८ नंतर माझा अभिनय सुधारला, आधी मी वेषांतर करत होतो. हे वाक्य नुसतं टाळ्या देऊन सोडू नका, तपासा. आधीचं आणि नंतरचं एकेक चित्रण शेजारी ठेवा. आम्ही १९७९ चा मॅकबेथ आणि १९९५ चा ‘रिचर्ड तिसरा’ हा सिनेमा ठेवला. माझं मत अजूनही असं आहे की मॅकबेथ जास्त खोल आहे. बसवाला मित्र म्हणतो, रिचर्डमध्ये तो कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलतो तसं मोकळं वळणं आधी त्याच्यात नव्हतंच. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि व्हायची घाईही नाही.

न पटणाऱ्या गोष्टी

फक्त कौतुकाने गप्पा लवकर सुकतात. नटाच्या निर्णयांवर वाद घाला. १९९१ मध्ये त्याने नाइटहूड, म्हणजे ‘सर’ ही पदवी, स्वीकारली तेव्हा डेरेक जार्मन या दिग्दर्शकाने जाहीर आक्षेप घेतला: ज्या सरकारने सेक्शन २८ आणलं त्याच्याकडून मान कसा घेता? उत्तरादाखल अठरा समलैंगिक कलावंतांनी मॅकेलनच्या बाजूने पत्र लिहिलं. दोन्ही बाजू छापील आहेत, दोन्ही मोठ्याने वाचता येतात. आम्ही तीन जण जार्मनच्या बाजूने बोललो, तीन मॅकेलनच्या, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलल्या. ज्यांच्यावर ते कलम प्रत्यक्ष गुदरलं ते शिक्षक शेवटी म्हणाले की ‘सर’ लागलं म्हणून मंत्र्यांना त्याला दारात उभं करून घ्यावं लागलं, आणि तेव्हा आम्हाला तेच हवं होतं.

हलक्या समजल्या जाणाऱ्या कामांवरून भांडण ठरलेलं. २००४ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात ‘अलादीन’च्या पँटोमाइममध्ये (नाताळात लहानमोठ्यांसाठी होणारं गाण्याविनोदाचं नाटक) तो विडो ट्वँकी ही बाई झाला, २००५ मध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेत आला. थोरल्या बहिणीला हे पटत नाही, शेक्सपिअरच्या नटाने असं करावं का म्हणते. मी तिला वहीचं पहिलं पान दाखवते. आयुष्यातलं पहिलं नाटक त्याने तीन वर्षांचा असताना मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये बघितलं, ‘पीटर पॅन’. आणि कोरोनेशन स्ट्रीट ही त्याच्या उत्तरेकडच्या माणसांची मालिका, केंब्रिजला झाकलेल्या उच्चारांच्या प्रदेशातली. तिला अजून पटलेलं नाही.

प्रत्यक्ष गेलात तर

लाइमहाउसला थेम्सच्या काठी ‘द ग्रेप्स’ नावाचा जुना पब आहे, मॅकेलन त्याच्या मालकांपैकी एक. जरूर जा, गँडाल्फची काठी तिथे आहे. फक्त काम करणाऱ्यांना ‘तो कधी येतो’ असं विचारू नका, आणि तिथून उठून त्याचं घर शोधत फिरू नका. पब लोकांसाठी आहे, घर नाही.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी थांबणार असाल तर कार्यक्रमपत्रिका आणि चालू पेन तयार ठेवा आणि बोलायचं एकच वाक्य आधी ठरवा. वाक्य त्या संध्याकाळच्या कामाबद्दल असावं. साडेतीन तास उभं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुमचं सगळं आयुष्य ऐकवू नका. आणि तो आला नाही तर तक्रार न करता घरी जा.

२०१९ मध्ये ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त तो ऐंशी नाट्यगृहांत एकटा प्रयोग करत फिरला. उत्तरार्धात प्रेक्षकांनी शेक्सपिअरच्या नाटकांची नावं ओरडून सांगायची आणि त्याने त्या त्या नाटकाबद्दल काहीतरी सांगायचं किंवा म्हणून दाखवायचं. हा खेळ आम्ही उचलला. बैठकीच्या शेवटी एक जण नाटकाचं नाव घेतो, दुसऱ्याने मॅकेलनचं त्यातलं काम, साल आणि जागा सांगायची. नसेल केलं तर ‘नाही’ म्हणायचं. नवीन माणूस गटात आला की त्याला आत घ्यायला यासारखं काही नाही.

वाईट बातमीच्या रात्री

हेही शिकून ठेवा, कारण ज्येष्ठ नट निवडला की ही रात्र येते. १७ जून २०२४ ला नोएल कावर्ड थिएटरात ‘प्लेअर किंग्ज’चा प्रयोग चालू असताना, लढाईच्या प्रसंगात, तो रंगमंचावरून खाली पडला. शेक्सपिअरचा ढेरपोट्या फॉलस्टाफ करत होता, वय पंच्याऐंशी. हे नाट्यगृहही सेंट मार्टिन्स लेनवरच, ड्यूक ऑफ यॉर्क्सपासून जवळ. रात्री फोन सुरू झाले. कुणी काहीबाही ऐकून सांगायला लागलं. आम्ही ठरवलं की नाट्यगृहाचं किंवा त्याचं स्वतःचं निवेदन येईपर्यंत काही पुढे पाठवायचं नाही. सकाळी कळलं की तो सावरेल. पुढचे प्रयोग आणि दौरा त्याने सोडला. मणक्याला आणि मनगटाला इजा झाली होती, आणि पोटाला बांधलेल्या फॉलस्टाफच्या गादीने बरगड्या वाचवल्या, हे नंतर त्याने स्वतःच सांगितलं. तेव्हा ते आम्ही चौथ्या रकान्यात लिहिलं, शिक्षकांच्या अक्षरात.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे १९७२ ची अॅक्टर्स कंपनी आहे. मॅकेलन आणि एडवर्ड पेथरब्रिज वगैरेंनी काढलेली नटांची मंडळी, सगळ्यांना सारखा पगार, आणि एका नाटकात नायक झालेल्याने दुसऱ्यात निरोप्या व्हायचं. बहिणी शनिवारी वेस्टमिन्स्टर रेफरन्स लायब्ररीत त्या वर्षांची परीक्षणं काढणार आहेत. मॅकेलनने तिथे कुठलं छोटं काम केलं तेवढं शोधून आणा, मुख्य भूमिका आमच्याकडे आहेत, असं मी त्यांना सांगितलं आहे.